खिशातले गाणे आणि घरातला संग्रह



संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलावे. गाणी वाजविण्याच्या खिशातल्या यंत्रावर बोलण्याचा त्याला अधिकार कोणता, असे माझ्याच एका सहकाऱ्याने मला विचारले. त्याला जे उत्तर दिले तेच येथे देतो. या विषयात मला जे थोडेफार कळते ते चूक करून कळले आहे. ती चूक माझ्या एकट्याच्या पैशांची असती तर मी गप्प बसलो असतो; पण ती दहाजणांच्या मालाची होती.

आमच्या कचेरीत एका लोखंडी कपाटात चाळीसएक कॅसेटी होत्या. १९८० आणि १९९० नंतरच्या दशकांतल्या द्वारसभा, मोर्चे, एक मेचे कार्यक्रम यांत आमचे एक शाहीर गात असत, त्यांचे ते ध्वनिमुद्रण. शाहीर म्हणजे कोणी गाजलेले नाव नव्हे. दिवसा साच्यावर काम आणि संध्याकाळी हातात डफ, असा माणूस. २००९ साली कचेरीला रंग द्यावयाचा निघाला. कॅसेटी एका दुकानात नेऊन त्यांच्या एमपी-थ्री फाइली करून घेतल्या, त्या एका हार्ड डिस्कवर आणि माझ्या खिशातल्या प्लेअरमध्ये भरल्या, आणि कॅसेटी भंगारात दिल्या. ठराव माझाच होता. २०१५ साली शाहीर वारले. पहिल्या स्मृतिदिनाला त्यांच्या मुलीने वडिलांचा आवाज मागितला. डिस्क जोडली तर ती नुसती टकटक करी. प्लेअर काढला तर आतली बॅटरी फुगून पाठीचे झाकण वर आलेले. बॅटरी गोंदाने चिकटविलेली, स्मृतीची चकती मुख्य पट्टीवरच डाख दिलेली, आणि गाणी त्या कंपनीच्या स्वतःच्या संगणक-प्रणालीखेरीज बाहेर न निघणारी. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट करून यंत्र परत दिले. त्या मुलीकडे मी रिकाम्या हाताने गेलो.

पुष्कळ दिवस मी यंत्राला शिव्या दिल्या. पुढे ध्यानात आले की यंत्र हे मरणारच. चार वर्षांनी मरेल किंवा दहा वर्षांनी. विचारावयाचा प्रश्न हा, की मरताना ते आपला माल परत देते की सोबत घेऊन जाते. प्लेअर विकत घेताना हाच प्रश्न पहिला विचारावा, आणि दुकानात तो कोणीच विचारीत नाही.

थोडा मागचा इतिहास पाहू. फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली १९६३ साली, आणि सोनीचा वॉकमन जपानात विक्रीस आला १ जुलै १९७९ रोजी. कॅसेटीचा मोठा गुण असा की यंत्र एकाचे आणि फीत दुसऱ्याची. कोणत्याही कारखान्याची कॅसेट कोणत्याही कारखान्याच्या यंत्रात चाले. यंत्र मोडले तर कॅसेट काढून शेजाऱ्याकडे ऐकता येई. १९९८ साली दक्षिण कोरियातल्या सेहान कंपनीने एमपीमॅन नावाचा प्लेअर काढला. त्यात ३२ मेगाबाइट जागा, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. त्याच वर्षी अमेरिकेत रिओ आला. तेथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्यावर फिर्याद केली, आणि १९९९ साली अपील न्यायालयाने निकाल प्लेअरच्या बाजूने दिला. पुढे ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला. पाच गिगाबाइट, हजार गाणी खिशात अशी त्याची जाहिरात होती. यंत्र सुबक होते यात शंका नाही. पण कॅसेटीचा तो गुण येथे नाहीसा झाला. माल आणि यंत्र एकाच डबीत बंद, आणि डबीची किल्ली कंपनीच्या प्रणालीकडे. मे २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादनच बंद झाल्याचे कंपनीने जाहीर केले.

आता कोणी म्हणेल, की अहो, आजकाल गाणी घरात ठेवतो कोण? मोबाइलवर महिना अमुक रुपये भरले की जगातले सारे गाणे हजर. खरे आहे, आणि नवे गाणे ऐकून पाहावयास मीही तोच मार्ग वापरतो. पण ती भाड्याची खोली आहे. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक दुकानातून लोकांनी रोख पैसे मोजून गाणी घेतली होती, आणि २००८ साली कंपनीने कळविले की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकाला या गाण्यांचे परवाने मिळणार नाहीत. गिऱ्हाइकांनी ओरडा केला तेव्हा मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. मुदत वाढली, मालकी मिळाली नाही! आपल्याकडे एअरटेलने २०२४ साली विंक म्युझिक बंद करीत असल्याचे सांगितले. अशा ॲपमध्ये ‘डाउनलोड’ म्हणून जे साठविलेले असते ते ॲपच्या कुलपातच असते. चाळीतल्या माणसाला हे वेगळे सांगावयास नको. ज्या खोलीची पावती आपल्या नावावर नाही, तिच्या भिंतीला खिळा मारताना हात आखडतोच.

सा रे ग म कंपनीचा कारवाँ २०१७ साली आला. आधीच भरलेली पाच हजार गाणी, मोठी बटने, म्हाताऱ्या माणसांना सोपा. ऐकण्यासाठी उत्तम वस्तू आहे. परंतु त्यातला संग्रह कंपनीने निवडलेला असतो, आपण नव्हे. आणि आपल्या शाहिराचे गाणे कोणतीही कंपनी भरून देणार नाही.

तेव्हा प्लेअर कसा पाहावा? दुकानात जाताना आपले स्वतःचे एक मेमरी कार्ड बरोबर न्यावे. त्यावर चार गोष्टी आधीच घालून ठेवाव्यात: देवनागरीत नाव दिलेले एक गाणे, तासाभराचा एक ख्याल किंवा कीर्तन, क्रमाने ऐकावयाची दहा भजने, आणि एक फ्लॅक फाइल. या कार्डाने जेवढे कळते तेवढे जाहिरातीने कळत नाही. पुष्कळ स्वस्त यंत्रे देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दाखवितात. काही यंत्रे तासाभराचा ख्याल मध्येच बंद केला तर पुन्हा आरंभापासून सुरू करतात. ज्याने विलंबित ऐकता ऐकता गाडी बदलली आहे त्यालाच याचा त्रास कळेल. काहींना नावाचा क्रम कळतच नाही, कार्डावर गाणी ज्या क्रमाने उतरविली त्याच क्रमाने ती वाजवितात, आणि काकड आरतीच्या आधी शेजारती ऐकवितात. त्यावर उपाय असा, की नावाच्या आरंभी ०१, ०२ असे आकडे घालावेत आणि गाणी त्याच क्रमाने उतरवावीत.

यंत्राला कार्डाची खाच असलीच पाहिजे. ज्याची सारी जागा आतच आहे असे यंत्र मी कोणाला घेऊ देत नाही, मग ते कितीही देखणे असो. कार्ड म्हणजे आजची कॅसेट. यंत्र गेले तरी कार्ड काढून दुसऱ्यात घालता येते. दुसरे असे, की प्लेअर साध्या वायरने संगणकाला जोडला असता पेनड्राइव्हसारखा उघडला पाहिजे आणि फोल्डर सरळ दिसले पाहिजेत. वायरसुद्धा नेहमीची, यूएसबी-सी टोकाची असावी. ‘आधी आमचे सॉफ्टवेअर टाका’ असे जे यंत्र म्हणते ते दुकानातच ठेवून यावे.

बॅटरीची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आमचे यंत्र मेले ते तिच्यामुळे. लिथियमची बॅटरी चारपाचशे वेळा भरली-उतरविली की तिची ताकद पूर्वीच्या चार-पंचमांशावर येते, हा साधारण हिशेब. उन्हाने तापलेल्या मोटारीत किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवली तर त्याहून लवकर. वापर नसेल तेव्हा ती पूर्ण भरूनही ठेवू नये आणि पूर्ण उतरवूनही ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवून दोनतीन महिन्यांनी पुन्हा पाहावे. आम्ही आमचा प्लेअर वर्षभर खणात उपाशी टाकला होता. म्हणून दुकानदाराला विचारावे की झाकण स्क्रूने बसविले आहे की गोंदाने, आणि बॅटरी गावात बदलून मिळते काय. तो हसेल, हसू द्यावे. युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला आहे, की १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा खिशातल्या वस्तूंची बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. म्हणजे आपला प्रश्न अगदीच खुळा नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नये, टोचू नये, चार्जरला लावू नये.

बटने खरीखुरी असावीत, खिशात हात घालून अंधारात गाणे पुढे नेता यावे. इअरफोनच्या पिनेची खाच सैल नसावी, कारण यंत्रात बहुधा प्रथम तीच दगा देते. यापलीकडे खोक्यावर जे मोठाले आकडे छापतात, १९२ किलोहर्ट्झ वगैरे, त्यांना भुलू नये. माणसाचा कान लहानपणी फार तर २० हजार कंपनांपर्यंतचा स्वर ऐकतो, आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याचा त्याच्या बराच अलीकडे थांबतो. सीडीचे प्रमाण सेकंदाला ४४,१०० नमुने असे ठरले ते याच हिशेबाने. जितकी कंपने पकडावयाची त्याच्या दुपटीहून थोडे अधिक नमुने घेतले की काम भागते. उरलेले पैसे चांगल्या इअरफोनात घालावेत. मात्र कामावर, चालू यंत्रापाशी, कानात इअरफोन घालू नये. हे मी संगीतप्रेमी म्हणून नव्हे, अपघाताच्या चौकशा पाहिलेला माणूस म्हणून सांगतो. ज्यांचे कान साच्यांच्या खडखडाटात आधीच आठ तास राबलेले आहेत त्यांनी आवाजही बेताने ठेवावा. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे.

कार्ड विकत घेताना आणखी एक फसवणूक संभवते. बाजारात १२८ गिगाबाइट असे छापलेले, पण आत आठच गिगाबाइट असलेले कार्ड मिळते. संगणकालाही ते १२८ असेच सांगते. आठ भरेपर्यंत सारे ठीक चालते, पुढची गाणी लिहिल्यासारखी दिसतात आणि वाचताना सापडत नाहीत. म्हणून नवे कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहावे. त्यासाठी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाची फुकट प्रणाली आहे. पावती जपावी.

जागेचा हिशेब सोपा आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा ठेवला तर मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट लागतात. एमपी-थ्री १२८च्या दराने केली तर मिनिटाला एक, ३२०च्या दराने अडीचच्या आत. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर ३२०च्या दराने सव्वादोनशे तासांच्या आसपास गाणे मावते. एवढे कोणाला पुरणार नाही?

मात्र ही बचत होते कशी, ते समजून घेतले पाहिजे. मोठ्या आवाजाच्या आड दडणारे बारीक आवाज कानाला फारसे कळत नाहीत, म्हणून एमपी-थ्री ते टाकून देते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत ज्यांनी ही पद्धत घडविली त्यांनी कानाचा हा स्वभाव बारकाईने अभ्यासला होता. पण टाकले ते टाकले. भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. एमपी-थ्रीवरून पुन्हा एमपी-थ्री केली तर दर खेपेला आणखी काही गळते. फ्लॅक ही २००१ साली आलेली पद्धत निराळी. ती घडी घालते, कातरत नाही. जागा मूळच्या साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते आणि घडी उलगडली की मूळ आवाज जसाच्या तसा. तेव्हा घरातली मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि खिशात न्यावयाची प्रत तिच्यावरून एमपी-थ्रीत करावी. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी वेगळी असते आणि दळावयाची वेगळी. आम्ही २००९ साली बियाणेच दळून खाल्ले.

आता नावांचा विषय. संग्रह शेपाचशे गाण्यांच्या पुढे गेला की न सापडणारे गाणे आणि नसलेले गाणे यांत फरक उरत नाही. फाइलीच्या पोटात नाव, गायक, अल्बम, साल अशी चिठ्ठी लिहिण्याची सोय असते. ती चिठ्ठी ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्य धर्तीचे गाणे होते. आपल्या नाट्यपदाला नाटक, पदकर्ता, संगीत देणारा आणि गाणारा असे चौघे धनी. अभंगात संत एक, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. ख्यालाला राग आणि ताल हवाच. यावर उपाय एकच. कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे ते एकदा ठरवून वहीत लिहून ठेवावे आणि मग मोडू नये. माझ्याकडे अल्बमच्या जागी नाटक, चित्रपट किंवा कार्यक्रमाचे स्थळ, संगीतकाराच्या जागी चाल देणारा, आणि शेऱ्याच्या जागी राग, कवी व ध्वनिमुद्रणाचे साल असते. दुसऱ्याने दुसरे ठरवावे, ठरविणे महत्त्वाचे. तीच गोष्ट अक्षरांची. भीमसेन जोशी हे नाव एकाच संग्रहात देवनागरीत, दोन तऱ्हेच्या रोमन अक्षरांत, आणि आधी पंडित लावून व न लावून असे लिहिले, तर यंत्र चार गायक मानते. मी सर्व नावे देवनागरीत, पदव्या गाळून लिहितो. यात अनादर नाही. हजेरीपटावर ‘श्रीमंत’ लिहीत नाहीत.

गौहर जान यांची गोष्ट यावरून आठवते. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारताना ऐकू येतात. तबकड्या तयार होत होत्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ती योजना होती असे सांगतात. चिठ्ठी हरवेल, पण गाण्याला चिकटलेला आवाज हरवणार नाही. म्हणून आम्ही आता कोणतेही नवे ध्वनिमुद्रण करताना आरंभी गावाचे नाव, तारीख आणि गाणाऱ्याचे नाव मोठ्याने बोलून घेतो.

प्रतींविषयी नियम असा: प्रती तीन, वस्तू दोन प्रकारच्या, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी. एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी भावाकडे किंवा मित्राकडे. खिशातले कार्ड यात मोजावयाचे नाही. कार्ड आणि पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेशिवाय पडून राहिले तर त्यातले लिखाण पुसट होत जाते, म्हणून ते नेण्या-आणण्यापुरते. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून चार गाणी वाजवून पाहावीत. आमच्या सभासदांची नोंदवही दोन ठिकाणी ठेवण्याची शिस्त आम्ही तीस वर्षे पाळली, आणि गाण्यांच्या बाबतीत ती सुचली नाही! कोणती प्रत कोठे आहे आणि संगणकाचा परवलीचा शब्द काय, हे घरातल्या आणखी एकाला ठाऊक असावे.

कायद्याविषयी एवढेच. आपल्या १९५७च्या कायद्याने स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या वाजवी वापराला मुभा दिली आहे. संग्रहाच्या प्रती गावभर वाटण्यास ती नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो, आणि कवीचा व संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. आमच्या शाहिरांची गाणी कोणी छापलीही नव्हती, तरी आम्ही त्यांच्या मुलीला विचारूनच पुढचे केले.

पुढचे काय केले, ते सांगतो. मी रिकाम्या हाताने गेलो त्यानंतर पंधरा दिवसांनी ती कचेरीत आली. घरातल्या पत्र्याच्या डब्यात, शिवणाच्या दोऱ्यांखाली, तिला एक कॅसेट सापडली होती. साठ मिनिटांची. ती वाजवून पाहण्याची घाई मी केली नाही, एवढे शहाणपण तोवर आले होते. आतली नमद्याची बारीक गादी, जी फितीला हेडवर दाबून धरते, ती गळून पडली होती. एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने कॅसेटीचे कवच उघडून दोन्ही चाके दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात बसविली. टेपचा बेल्ट नवा घातला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, आणि कॅसेटीच्या पाठीची दोन कानसे मोडली, म्हणजे चुकून त्यावर दुसरे मुद्रित होऊ नये. मग त्याने हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवीत फिरवीत डफाचा काठ स्पष्ट वाजेपर्यंत नेला. हे कोणत्याही दुकानात घाईने होत नाही. फीत तिच्या वेगानेच वाजवावी लागते. तासाची कॅसेट तासच घेते. ऑडॅसिटी या फुकट प्रणालीत ती उतरविली, खरखर काढण्याच्या भानगडीत न पडता पहिली प्रत तशीच फ्लॅकमध्ये ठेवली, आणि साफसूफ केली ती दुसऱ्या प्रतीवर.

त्या तासात सहा गाणी आहेत, एक भाषण आहे, आणि मध्ये कारखान्याचा भोंगा वाजतो तेव्हा शाहीर थांबतात आणि तो संपल्यावर तीच ओळ पुन्हा उचलतात. एक प्रत त्यांच्या मुलीकडे, एक कचेरीत, एक माझ्या भावाकडे आहे. बाकीची चाळीस गेली.

त्या सभांना टेप घेऊन येणारे आम्ही एकटेच नव्हतो, म्हणून ही विनंती. ज्यांच्या माळ्यावर त्या काळच्या कॅसेटी असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. कॅसेट आणि उतरविलेली प्रत दोन्ही परत मिळतील. आणताना मात्र त्या घरी वाजवून पाहू नयेत, उन्हात ठेवू नयेत, आणि वरची चिठ्ठी फाटकी असली तरी काढू नये.